वाढत्या अंगाचं जाळं

इंदोऱ्यात मच्छरदाणी शिवायची म्हटली की लोक यमुताई रामटेक्यांच्या ओसरीचा रस्ता धरत. नागपुरात डासांना कधी तोटा नव्हता, त्यामुळे यमुताईंच्या मशीनला कामाचाही नव्हता. मच्छरदाण्यांखेरीज त्या मुलींचे शाळेचे फ्रॉक शिवत, उशांचे अभ्रे शिवत, आणि कुणी काही विचित्र मागितलं तर तेही शिवत. पण विचित्र मागणाऱ्याला आधी बऱ्याच प्रश्नांना तोंड द्यावं लागे. एकाने म्हशीसाठी मच्छरदाणी मागितली, तेव्हा म्हैस रात्री किती वेळा उठते, कुठल्या कुशीवर बसते, शेपटी आत राहील की बाहेर, इतकं सगळं कळल्याशिवाय त्यांनी कात्रीला हात लावला नाही. त्यांचे यजमान गणपतराव मिलच्या साचाखात्यात, मागावर होते. ते म्हणत, “यमराज न्यायले आला तरी ही आधी त्याले काहून म्हणून विचारीन. तो बिचारा उत्तर देऊन देऊन थकून जाईन.”

अशा बाईच्या ओसरीवर एक दिवस डॉक्टर अरुंधती खानझोडे एक फाटकं जाळं घेऊन उभ्या राहिल्या. त्या औषधाच्या डॉक्टर नव्हत्या. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत आणि अंबाझरीच्या तलावात नावेतून जाळं ओढत. जाळं कसलं, पांढऱ्या कापडाचं लांबलचक नरसाळंच ते. तोंडाला लोखंडी कडं, शेपटाला काचेची बरणी. कापडाची वीण इतकी बारीक की पाणी निघून जावं आणि पाण्यातला जीव बरणीत उतरावा.

“मासे पकडता का बाई?” यमुताईंनी विचारलं.

“नाही. मासे जे खातात ते.”

“ते काय असते?”

“जीव असतात. फार लहान. डोळ्यांना दिसत नाहीत.”

यमुताईंनी जाळं शिवून दिलं, आणि पुढे दहाएक वर्षं अरुंधतीबाईंची सगळी जाळी त्यांनीच शिवली. अरुंधतीबाईंच्या धरमपेठेतल्या घरी जाळं पोचवायला गेलं की चहा मिळे, आणि तो घरच्याच कपात मिळे, हे यमुताईंनी पहिल्या दिवशीच पाहून ठेवलं होतं. नाहीतर दुसरं जाळं त्या घरी गेलंच नसतं. पण इतक्या वर्षांत अरुंधतीबाईंच्या मनात एक गोष्ट कधी आली नाही. ज्या बाईने जाळं शिवलं तिला त्यात काय सापडतं ते एकदा दाखवावं, हे काही त्यांना सुचलं नाही. शिकलेल्या माणसाला पुष्कळ सुचतं, पण हे राहून जातं. यमुताईंनी एकदा गुपचूप नळाला कापडाचा तुकडा बांधून पाहिला. त्यात गाळ आला. तो त्यांनी उन्हात धरला, आडवा धरला, उभा धरला. तो गाळच होता.

एकोणीसशे एक्याऐंशीच्या दिवाळीनंतर अरुंधतीबाई आल्या त्या एक मोठी गुंडाळी घेऊन. त्या मधे दोन वर्षं नॉर्वेत शिकून आल्या होत्या, जाताना यमुताईंचं एक जाळंही घेऊन गेल्या होत्या, आणि ते तिथल्या साहेबांना पसंत पडलं होतं. आता तीन देश मिळून एक बेत आखत होते. पृथ्वीच्या पार वरच्या टोकाला, बर्फाखालच्या समुद्रात, कोण जगतं आणि काय खाऊन जगतं ते पाहायचा बेत. नॉर्वेवाले जहाज देणार होते. कॅनडावाले बर्फ ओळखणारी माणसं आणि दोर ओढायची यंत्रं. रशियन लोकांनाही विचारलं होतं, पण ते होही म्हणेनात आणि नाहीही म्हणेनात, म्हणून त्यांना सोडून पुढे चाललं होतं.

“आणि आपण काय देऊन राहिलो?” यमुताईंनी विचारलं.

“जाळी,” अरुंधतीबाई म्हणाल्या. “आणि बरण्या भरून आल्या की त्यातले जीव वेगवेगळे करायचं काम. पण आधी ते लोक इथं येऊन जाळी तपासणार. पास झाली तर निम्म्या बरण्या नागपूरला येतील. नाही झाली तर जाळीही तिकडेच शिवतील आणि बरण्याही तिकडेच उघडतील. मग आपलं काही काम नाही.”

यमुताईंनी मशीनवरचा हात काढला. “बर्फाखाली कोणी काहून राहीन बाई? तिथं खाणार काय?”

अरुंधतीबाई ओसरीवर मांडी घालून बसल्या. शिकवण्यात त्यांचा हातखंडा होता, फक्त कुणी विचारावं लागे. “विहिरीभोवती ओटा असतो ना? तो ओटा पाण्याखाली गेलाय असं समजा. ओट्यावर पाणी उथळ. तिथून एक पाऊल पुढे टाकलं की एकदम विहीर, तळ लागत नाही अशी. समुद्र तिथं तसाच आहे. आणि वर सगळीकडे बर्फाचं झाकण. उन्हाळ्यात ओट्याकडचा बर्फ वितळतो, ऊन आत जातं, तिथं खूप काही उगवतं. आता प्रश्न असा, की ओट्यावरचं खाणं वाहत जाऊन विहिरीतल्यांना मिळतं का? की विहिरीतल्यांचं आपलं वेगळंच काही चालतं?”

“हे कोणालेच माहीत नाही?”

“नीट नाही. म्हणून तर जायचं.”

साऱ्या जगात कुणालाच माहीत नाही अशीही एखादी गोष्ट असते, आणि तिच्यासाठी लागणारं जाळं आपल्या ओसरीवर शिवायचं आहे, हे ऐकून यमुताईंना फार बरं वाटलं. त्या म्हणाल्या, “शिलाई नेहमीचीच द्या. पण एक गोष्ट कबूल करा. तिकडची बरणी आली की त्यात काय सापडलं ते मले दाखवा. दहा वर्षं झाली, मले गाळाशिवाय काही दिसलं नाही.”

अरुंधतीबाईंचा चेहरा उतरला. आपण काय विसरलो होतो ते त्यांना तेव्हा कळलं. “दाखवीन,” त्या म्हणाल्या. “बरण्या आल्या की तुम्हाला न्यायला मीच येईन.”

गुंडाळीतलं कापड परदेशातून आलं होतं. हातावर घेतलं तर वजन लागत नव्हतं आणि फुंकर मारली तर पलीकडे जात होती. यमुताईंनी साबणाने हात धुतले, ओसरीवर धुतलेलं लुगडं अंथरलं आणि मग कात्री घेतली. गणपतराव मिलमधून आले आणि दारातच थबकले.

“समुद्राले मच्छर चावतात का वं?”

“तुमी हात धुऊन या. मग बोला.”

आता यमुताईंची एक रीत होती. इंदोऱ्यातली कुठलीही आई मुलीचा फ्रॉक टाकायला आली की मापाबरोबर एक वाक्य ठरलेलं असे, ‘वाढत्या अंगाचा शिवा.’ मग यमुताई शिवणीच्या आत दोन बोटं कापड जास्तीचं सोडत. त्याला माया म्हणतात. ती आतल्या आत दुमडून, हाताने तुरपाई करून अशी बसवत की बाहेरून कुणाला पत्ता लागू नये. पुढच्या वर्षी मुलगी वाढली की उसवायचं आणि फ्रॉक मोठा करायचा. अरुंधतीबाईंची आजवरची जाळी साध्या कापडाची असत, त्यात त्यांनी कधी माया सोडली नव्हती. फाटलं तर दुसरं शिवू, इतकाच हिशोब. पण हे कापड कापून फेकायला त्यांचा जीव होईना. उद्या कड्याचं माप बदललं तर? जहाजावर कुणी म्हणालं, थोडं मोठं हवं, तर बिचारे बर्फात कुठून आणतील कापड? म्हणून प्रत्येक जाळ्यात त्यांनी दोन बोटं माया आत सोडली आणि अशी काही बसवली, की बाहेरची शिवण पाहून गणपतरावही चूप राहिले. आणि साचाखात्यातला माणूस कापड पाहून सहसा चूप राहत नाही.

फेब्रुवारीत पाहुणे आले. नॉर्वेचे एक उंच साहेब आणि कॅनडाच्या एक पिकल्या केसांच्या बाई. ते कॉलेजच्या प्रयोगशाळेत नकाशा पसरून बसत, नरखेडची संत्री सोलत आणि जहाज कुठून निघेल, बर्फ कुठपर्यंत सरकेल, जाळं कुठं कुठं सोडायचं यावर वाद घालत. नकाशा बहुतेक पांढराच होता. जाळ्याच्या कड्याला दोर बांधून द्यायला यमुताई तिथं होत्या. त्यांना वाटलं, एवढ्या पांढऱ्यावर वाद घालायला सापडतं तरी काय!

दुसऱ्या दिवशी जाळ्यांची परीक्षा होती. अंबाझरी म्हणजे ओटा आणि जवळचा फुटाळा तलाव म्हणजे विहीर असं धरून चालायचं ठरलं. आधी अंबाझरीत जाळं ओढायचं, बादल्याबादल्यांनी धुवायचं आणि मग तेच जाळं फुटाळ्यात ओढायचं. जहाजावरही असंच करायचं होतं.

दुपारी सगळे प्रयोगशाळेत परतले. अंबाझरीचं पाणी काचेच्या बशीत घेऊन कॅनडाच्या बाईंनी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं, आणि मग काय मनात आलं कोण जाणे, त्यांनी दाराशी उभ्या यमुताईंना हाताने जवळ बोलावलं.

यमुताईंनी डोळा लावला. आधी नुसता उजेड दिसला. मग त्या उजेडात काहीतरी उडी मारून गेलं. ते परत आलं. पारदर्शक अंग, एक काळा डोळा, डोक्यावर लांब सुळा, आणि दोन हात वर करून ते उड्या मारत होतं. त्याच्या आत काहीतरी भराभरा धडधडत होतं.

“ते काय हालून राहिलं बाई?”

“त्याचं काळीज,” अरुंधतीबाई म्हणाल्या.

यमुताईंचा डोळा काही हटेना. पाहुणे खोळंबले. दहा वर्षं आपण शिवत होतो ते ह्याच्यासाठी, असं मनाशी म्हणताना त्यांना हसू आलं.

मग फुटाळ्याची बशी लागली. अरुंधतीबाई पाहू लागल्या आणि त्यांनी खुर्ची पुढे ओढली. सुळेवाला इथंही होता. एक नाही, बरेच. इतकी वर्षं त्या फुटाळ्याचं पाणी पाहत होत्या, त्यात त्यांना हा प्राणी एकदाही दिसला नव्हता. तो फक्त अंबाझरीत राही. नॉर्वेच्या साहेबांनी पाहिलं, खांदे उडवले आणि म्हणाले, जाळं नीट धुतलं नसेल. दुसऱ्या दिवशी दुप्पट बादल्या ओतून पुन्हा सगळं केलं. सुळेवाले पुन्हा आले, थोडे कमी, पण आले. मग साहेबांनी बशा तपासल्या, बरण्या तपासल्या, नळाचं पाणी तपासलं. शेवटी ते खुर्चीत मागे रेलून इंग्रजीत हळूहळू काही बोलले. यमुताईंना इंग्रजी कळत नव्हतं, पण अरुंधतीबाईंनी नकाशाची सुरळी करायला घेतली, तेवढ्यावरून त्यांना कळायचं ते कळलं.

“काय म्हणून राहिले?”

“म्हणतात, दोष जाळ्यात आहे की आपल्या प्रयोगशाळेत ते सापडत नाही. पण ओट्यावरचे जीव विहिरीच्या बरणीत असे मिसळले तर सगळ्या बेतालाच अर्थ उरत नाही. ओट्यावरचं खाणं विहिरीत जातं का, हेच तर पाहायचंय. आपल्याच जाळ्यानं ते नेऊन टाकलं तर काय उपयोग? उद्या संध्याकाळी त्यांची गाडी आहे. काम तिकडेच करतो म्हणतात.”

यमुताईंना वाईट वाटलं, पण त्या वेळी त्यांचं अर्धं लक्ष दुसरीकडेच होतं. सुळेवाला अंबाझरीतून फुटाळ्यात आला कसा? चालत तर येणार नाही. बादल्यांनी धुऊनही जो निघत नाही, तो बसतो कुठं? त्या जाळ्यावरून अंगठा फिरवू लागल्या. आणि फिरवता फिरवता त्यांना शाळेचे फ्रॉक आठवले. दर उन्हाळ्यात मायेची शिवण उसवायला घेतली की आतून काय काय पडे. शाळेच्या मैदानातली वाळू, खडूची भुकटी, शेंगदाण्याची टरफलं, पेन्सिलीचं टोक. आया म्हणत, वर्षभर आपटून धुतला होता हो. धुतलेला असेच. पण दुमडीच्या आत धोबीही पोचत नाही.

“बाई, ब्लेड हाये का?”

कुणी काही विचारायच्या आत त्यांनी पांढऱ्या बशीवर जाळं धरलं आणि तुरपाई उसवली. दुमड उघडून तिच्यावर थोडं पाणी सोडलं. “आता पाहा,” त्या म्हणाल्या. “इथं बसले असतीन.”

कॅनडाच्या बाईंनी पाहिलं आणि साहेबांना जागा करून दिली. दुमडीत अंबाझरी भरली होती.

यमुताईंना इतका आनंद झाला की कोडं सुटलं याच्या पुढचं त्यांना काही दिसलंच नाही. मग सगळे आपल्याकडे पाहताहेत हे लक्षात आलं, आणि मग हेही लक्षात आलं की सगळा बेत बुडवणारी ही दुमड आपल्याच हातची आहे. त्यांनी पदर खांद्यावर घट्ट ओढून घेतला.

साहेबांनी विचारलं, ही दुमड आत ठेवली कशाला? अरुंधतीबाईंनी यमुताईंकडे पाहिलं.

“वाढत्या अंगाचं शिवलं,” यमुताई हळूच म्हणाल्या. “कापड चांगलं होतं. पुढे मोठं करायचं झालं तर.”

अरुंधतीबाईंनी ते इंग्रजीत सांगितलं. साहेबांनी दुमड बोटाने उलटून पाहिली. मग म्हणाले की त्यांची आई त्यांचे सदरे असेच शिवायची, पण जाळं काही वाढत नाही. ते हसले, तसे सगळे हसले. हसून झाल्यावर मात्र त्यांनी घड्याळाकडे पाहिलं.

“उद्या दुपारपर्यंत थांबा म्हणा त्याईले,” यमुताई म्हणाल्या. “मी एक जाळं उलटून देते.”

घरी जाऊन त्यांनी मशीन उजेडात ओढलं. आतली दुमड सगळी उसवली. शिवण आत नको, तर बाहेर. आतून जाळं काचेच्या पेल्यासारखं गुळगुळीत राहायला हवं, म्हणजे कुणाला बसायला जागाच नको. आणि बाहेर दोन बोटं कापड लोंबून चालणार नव्हतं, तेही कापायलाच हवं होतं. कात्री हातात घेतल्यावर त्या थांबल्या. चांगल्या कापडाची माया कापायची आणि शिवण उघड्यावर आणायची, म्हणजे शिंप्याने आपल्या हाताने आपलं नाव घालवायचं. उलटा सदरा घालून रस्त्यावर निघालेल्या माणसाला इंदोऱ्यात पोरंही हसत. आणि हा उलटा सदरा तर जहाजावर चढून परदेशी जाणार होता.

गणपतराव समोर बसून कापडाचं दुसरं टोक धरून होते. “काप ना वं,” ते म्हणाले. “काहून थांबली?”

“लोक काय म्हणतीन, शिवता येत नाही या बाईले.”

“तिथं पाहाले कोण हाये? मासे? त्याईले तर सगळंच उलटं दिसत असन.”

त्या हसल्या नाहीत, पण कापलं. पट्ट्या जमिनीवर पडल्या, त्या त्यांनी उचलून डब्यात घालून ठेवल्या. टाकवत नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी ते जाळं अंबाझरीत ओढलं, धुतलं आणि फुटाळ्यात ओढलं. साहेबांनी बशी पाहिली, पुन्हा भरून पाहिली, कॅनडाच्या बाईंनीही पाहिली. सुळेवाला नव्हता. अरुंधतीबाईंनी नकाशाची सुरळी परत सोडली. गाडीला अजून वेळ होता, आणि त्या वेळात पांढऱ्या नकाशाच्या कडेला नागपूरचं नाव लिहिलं गेलं. जाळीही नागपूरची आणि निम्म्या बरण्याही नागपूरच्या.

त्यानंतर दिल्लीची परवानगी निघायची होती, ती दिल्लीच्या चालीनेच निघाली. यमुताईंनी उरलेली जाळी उलटून दिली. ती पेटीत भरून गेली, आणि मग बराच काळ काही नाही. यमुताई फ्रॉक शिवत, मच्छरदाण्या शिवत आणि अरुंधतीबाई दिसल्या की विचारत, “बर्फ वितळला का?” एक उन्हाळा गेला. दुसरा आला तेव्हा अरुंधतीबाई स्वतः रिक्षाने इंदोऱ्याला आल्या आणि रिक्षातून न उतरताच म्हणाल्या, “चला.”

प्रयोगशाळेत लाकडी पेटी उघडून ठेवली होती. बरण्यांना डोळ्यांत झोंबणारा औषधाचा वास येत होता. अरुंधतीबाईंनी आधी ओट्यावरची बरणी दाखवली. त्यात शिंपल्यांची पिल्लं होती, खसखशीहून बारीक, प्रत्येकाला चिमुकली टरफलं. मग विहिरीची बरणी, काठापासून फार लांबची.

“मघाचे शिंपले यात हायेत का?” यमुताईंनी विचारलं.

“ओट्याच्या जवळच्या बरण्यांत थोडे आहेत. ते खरंच वाहत आले असतील, तेच आता मोजायचंय. पण इतक्या दूर एकही असायला नको. मी पाहिलंय. नाही.”

“मले पाहू द्या.”

अरुंधतीबाईंनी पाहू दिलं. यमुताई त्या बरणीतलं पाणी बशीत घेत, पाहत आणि बाजूला ठेवत होत्या. दुपार उतरली तरी त्या उठल्या नाहीत. शेवटची बशी पाहून झाल्यावर त्यांनी मोठा श्वास सोडला. एकही शिंपला नव्हता. त्यांची शिवण कुणाला इकडचं तिकडे घेऊन गेली नव्हती.

मग कुठे त्यांनी त्या बरणीत जे होतं त्याच्याकडे नीट पाहिलं. तांदळाच्या दाण्याएवढा जीव होता, लांब मिशांचा. अंग काचेसारखं, आणि त्या अंगात एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एक लांबट चकचकीत थेंब.

“हे आत काय हाये बाई?”

“तेल. तिथला हिवाळा फार लांब. महिनोन्महिने अंधार, खायला काही नाही. म्हणून उन्हाळ्यात हा खाऊन खाऊन तेल साठवतो आणि मग खोल विहिरीत जाऊन पडून राहतो. त्या तेलावर उन्हाळ्यापर्यंत तगतो.”

यमुताई कितीतरी वेळ पाहत राहिल्या. अरुंधतीबाईंना वाटलं, त्यांना समजलं नाही, म्हणून त्या पुन्हा सांगायला लागल्या.

“समजलं,” यमुताई डोळा न काढता म्हणाल्या. “यानंही आत माया सोडून ठेवली हाये. याची तेवढी उसवू नका.”